डिकीतलं पाणी

ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्येच उरकतो. अशा गावात कापडी छपराची मोटार बाळगणं याला हौस म्हणायचं की हट्ट, हे ज्याचं त्याने ठरवावं. ठाण्यातल्या खोपटला आमच्या लहानपणी अशी एक मोटार होती. आता आमच्याच घरात दुसरी आली आहे. दोघींचा रंग वेगळा, देश वेगळा, किंमत तर विचारूच नका. दुखणं मात्र एकच: डिकीत पाणी.

पहिली मोटार आमच्या आळीतल्या डॉक्टरांची. १९७०च्या दशकाचा शेवट असेल. गर्द हिरवी मॉरिस मायनर, वर खाकी कापडाचा हूड. ही मॉरिस १९४८ साली लंडनमधल्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. अलेक इसिगोनिस या माणसाने ती आखली होती. त्याच वर्षी १ जूनला आपली पहिली एसटी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली. त्या एसटीची बॉडी लाकडी होती आणि वर छप्पर कापडाचं. डॉक्टर ही गोष्ट खोपट डेपोतून येणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टर पेशंटांना न चुकता सांगत. ‘तुमची लाल गाडी आणि माझी हिरवी, दोघी एका वयाच्या आणि दोघींना डोक्यावर कापड.’ पेशंट हसे. डॉक्टर इंजेक्शन भरत.

उघडी गाडी म्हटलं की तेव्हा लोकांना जीपच आठवे. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली होती आणि पोलिसांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळे ताडपत्रीच्या हुडाखाली बसून फिरत. पण जीपचं बरं होतं. तिला डिकीच नाही. वरून आलेलं पाणी खालून निघून जायचं, फार तर पाठीमागे बसलेल्या हवालदाराची विजार भिजायची. मॉरिसला मात्र रीतसर डिकी होती, तिच्या तळाला फळी होती, फळीखाली आडवी स्टेपनी होती, आणि पहिला जोरदार पाऊस झाला की स्टेपनीखाली पाणी.

त्या वेळचं खोपट आज कुणाला सांगून पटणार नाही. सिद्धेश्वर तलाव, त्याच्या भोवतीची बैठी घरं, कोलबाडकडे जाणारी गल्ली, पलीकडे उथळसर आणि राबोडी. जुना आग्रा रोड जवळून जायचा, त्यामुळे ट्रकवाले थांबायचे. डेपोमुळे एसटीची वर्दळ होतीच. आणि वागळे इस्टेट १९६०च्या दशकात उभी राहिल्यापासून लेथवाले, वेल्डिंगवाले, स्प्रे-पेंटिंगवाले अशी सगळी फौज हाकेच्या अंतरावर. पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस, एक पोऱ्या आणि जमिनीत मुरलेलं काळं ऑईल एवढ्यावर गॅरेज व्हायचं. पाटी नसायची. पाटीची गरजही नसायची, कारण ठोकाठोकीचा आवाज हीच पाटी.

अशाच एका शेडमध्ये राबोडीचे चाचा बसत. आमच्या घरचेच नव्हे, सगळी आळीच त्यांना चाचा म्हणे. उमेदीत ते एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत पत्र्याच्या कामावर होते. दापोडीला एसटीच्या बॉड्या बांधल्या जायच्या. लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्याला रिव्हिट. चाचा सांगत की बसचं छप्पर गळतं ते पत्र्यातून नव्हे, रिव्हिटातून. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी शिरलं की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन सुटायला लागतं, भोक मोठं होतं, रिव्हिट हलायला लागतं. कॉलेजात गॅल्व्हॅनिक क्षरण नावाचा धडा आला तेव्हा तो मला आधीच येत होता.

डॉक्टरांनी डिकीची तक्रार आणली तेव्हा आळीतल्या प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. कुणी म्हणालं, डिकीच्या झाकणाचं रबर बीडिंग बदला. ते बदललं, पाणी आलंच. कुणी म्हणालं, सफेदा आणि सूत भरा, नळाच्या आट्यांना भरतात तसं. एका ट्रकवाल्याचा सल्ला सर्वांत सोपा होता: डिकीच्या तळाला एक भोक पाडा, आलेलं पाणी गेलं. त्यावर चाचांचं उत्तर मला अजून पाठ आहे. ‘डॉक्टरसाब, पाणी बाहेर काढायचा नाय. आत येऊ द्यायचा नाय.’ शिवाय पाडलेल्या भोकाची कड उघडी राहते आणि गंज तिथूनच सुरू होतो, हे त्यांनी ट्रकवाल्याला उद्देशून जरा मोठ्याने सांगितलं.

मग शोध सुरू झाला. त्यात माझी नेमणूक झाली ती केवळ अंगकाठीमुळे. सगळ्यात लहान आणि डिकीत मावणारा मीच. डिकीतून फळी, स्टेपनी, जॅक, चिंध्या सगळं काढलं. आतला पत्रा रॉकेलच्या फडक्याने पुसला, उन्हात खडखडीत वाळवला. मग प्रत्येक सांध्यावर चाचांनी खडूची पूड बोटाने चोपडली. मला टॉर्च देऊन आत बसवलं, झाकणाच्या कुलपाला सुतळी बांधली म्हणजे ते चुकून बंद होऊ नये, आणि झाकण टेकवलं.

पहिलं काम पाणी न ओतताच. टॉर्च बंद ठेवायची आणि उजेड कुठून येतो ते सांगायचं. मागच्या दिव्याच्या कडेला टाचणीएवढा उजेड होता, नंबरप्लेटच्या दिव्याची वायर जिथून आत येते तिथे जरासा. दोन्ही जागी चाचांनी बाहेरून खूण केली. मग टॉर्च लावायला सांगितली आणि पाणी सुरू केलं. बादली आणि तांब्या, नळी नव्हे. नळीने सगळं एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही, हे चाचांचं म्हणणं. सुरुवात खालून: आधी बंपरच्या वर, मग दिवे, मग झाकणाची खालची कड, मग बाजू, आणि शेवटी हुडाच्या मुळाशी. एका जागी तांब्याभर ओतायचं, थांबायचं, आतून मी ‘नाय’ म्हणायचं, मग पुढची जागा. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडून जातं आणि चोर कोण ते समजत नाही.

दिव्याजवळ एक थेंब आला. वायरच्या रबरी बोंडीतून आणखी एक. पण एवढ्याने स्टेपनी बुडत नाही. खरा ओघळ आला तो भलतीकडून. हुडाचं कापड मागच्या बाजूला ज्या पट्टीखाली दाबून बसवलेलं असतं, तिथे चाचांनी तांब्या रिकामा केला आणि बराच वेळ काहीच झालं नाही. ते पुढे सरकणार एवढ्यात मला माझ्या पायाशी, चाकावरच्या कमानीच्या आतल्या बाजूला, खडूच्या पांढऱ्यावर एक काळी रेघ उतरताना दिसली. पाणी पट्टीखालून शिरत होतं, आतल्या पत्र्याला चिकटून हातभर आडवं जात होतं, कमानीवरून उतरत होतं आणि मग स्टेपनीच्या खाली जमत होतं. शिरलं एका टोकाला, दिसलं दुसऱ्या टोकाला. डिकीच्या बीडिंगवर उगाच आळ आला होता.

त्यातही एक खोच होती. डॉक्टर गाडी गल्लीच्या उतारावर, नाक खाली करून लावत. दारात सपाटीला लावली तर पाणी कमी यायचं आणि त्यामुळे डॉक्टरीणबाईंना वाटे की हा सगळा डॉक्टरांचा वहीम आहे. चाचांनी गाडी मुद्दाम उतारावर नेऊन, लावतात तशी लावून मगच पाणी ओतलं होतं. गळती शोधताना गाडी नेहमी उभी असते तशीच उभी करायची, ही बाब मी नंतर कुठल्याही माहितीपत्रकात वाचली नाही.

हूड शिवायला एक सीटवाला आला. पट्टी काढली, तिच्याखालचं लाकूड पावसाने भुसा झालं होतं, ते नवीन बसवलं, कापडाला आतून रबराचा थर दिला. हे सगळं सुकेपर्यंत चाचा डिकीच्या तळाकडे वळले, आणि तिथे खरा प्रसंग उभा राहिला.

वरून पाहिलं तर रंगाला चारदोन फोड आलेले. चाचांनी पेचकसाने एक फोड टोचला तर पेचकस मुठीपर्यंत आरपार. कारण साधं आहे. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग वर उचलला जातो. फोड दिसतो तोवर खालचं काम तमाम झालेलं असतं. आणि तो बाहेरून आत येत नाही, आतून बाहेर येतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून डाग दिलेला असतो तिथे केसाएवढी फट राहते, त्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि मग ते उन्हाळ्यातही वाळत नाही. ठाण्याला खाडी आहे. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. मिठाच्या पाण्याने गंजाला पाय फुटतात. घाटावरची दहा वर्षांची गाडी आणि ठाण्यातली दहा वर्षांची गाडी शेजारी लावली तर तळ बघून कुठली कुणाची ते सांगता येतं.

उघड्या गाडीत तर ही बाब जास्त गंभीर. बंद मोटारीचं छप्पर नुसतं सावलीसाठी नसतं, अख्ख्या डब्याला ते ताठ ठेवतं. छप्परच नाही म्हटल्यावर तो सगळा भार तळावर आणि दारांखालच्या पट्ट्यांवर. तिथला पत्रा कुजला तर गाडी मध्ये वाकते. ओळखायची खूण म्हणजे दारं. एक दिवस दार सहज लागतं, दुसऱ्या दिवशी उचलून लावावं लागतं. चाचांनी काम सुरू करण्याआधी दोन्ही दारांच्या फटी बोटाने चाचपून पाहिल्या आणि गाडीखाली लाकडी ठोकळे लावले, म्हणजे कापताना ती बसू नये.

मग पेट्रोलची टाकी काढली. मॉरिसची टाकी डिकीच्या तळालाच असते. टाकी रिकामी होती, तरी चाचांनी ती पार गल्लीच्या टोकाला नेऊन ठेवायला लावली. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, तिच्यात वाफ असते. त्यानंतर कार्बाईडचा डबा आला. पाण्यात कॅल्शियम कार्बाईडचे खडे टाकायचे, गॅस तयार होतो, तो ऑक्सिजनबरोबर जाळायचा. त्याचा तो लसणासारखा उग्र वास अख्ख्या आळीला कळायचा आणि खिडक्या लागायच्या. कुजका पत्रा छिन्नीने कापून काढला, जिथे चकाकतं लोखंड लागलं तिथे थांबले. नवा तुकडा वीस गेजचा, म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. त्याला लाकडाच्या ओंडक्यावर ठोकून जुन्या तळाच्या पन्हाळीसारख्या घड्या पाडल्या. साचा नाही, नकाशा नाही, डाव्या बाजूची चांगली घडी बघून उजवीकडे तशीच. विलायतेहून सुटा भाग मागवणं त्या काळात स्वप्नातही शक्य नव्हतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात मिळाला तर मिळाला. वेल्डिंगच्या रेषेवर कानस, मग पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइड, आणि सांध्यांत आतून डांबर. लांबी भरायला चाचांचा विरोध नव्हता, पण भोकावर लांबी भरणाऱ्याचं ते तोंड पाहत नसत.

त्या कामाचे त्यांनी किती घेतले ते आठवत नाही. डॉक्टरांनी पुढे चाचांच्या घरच्या कुणाकडूनही कधी फी घेतली नाही, एवढं ठाऊक आहे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की आता ‘जुन्या गाड्यांचा पत्राच वेगळा’ हे वाक्य येणार. ते येणार नाही, कारण ते खरं नाही. पत्रा थोडा जाड होता, कबूल. पण रंग फक्त बाहेरून फवारलेला, पोकळ भागांच्या आत लोखंड उघडंनागडं. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचं उदाहरण घ्या. फियाटची ही मोटार टॅक्सी म्हणून मुंबईने अनेक दशकं दामटली आणि त्यातली कितीतरी दारांखाली पत्र्याची ठिगळं लावून चालली. पावसाळ्यात मागच्या सीटसमोरच्या पायपुसण्याखाली पाणी हलताना ऐकू यायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती थांबली. लोक हळहळले, फोटो काढले. हळहळणाऱ्यांत मीही होतो, पण त्या तळातून पाय भिजवून घेतलेले लोक माझ्यापेक्षा कमी हळहळले असतील.

आजची मोटार याबाबतीत सरळ सरळ सरस आहे. पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तयार बॉडी रंगाच्या हौदात अख्खी बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने तो रंग कानाकोपऱ्यात बसवतात. फोर्डने अमेरिकेत १९६०च्या दशकात ही रीत आणली आणि आपल्याकडे ती नंतरच्या गाड्यांबरोबर आली. सांध्यांवर रोबो एकसारखी चिकट पट्टी ओढतो. त्यामुळे पाच पावसाळ्यांत तळ कुजलेली गाडी आता बघायला मिळत नाही. गोव्यात तर १९९८च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची उघडी मोटार निघाली होती, तिची बॉडीच फायबरची. पत्रा नाही तर गंज कशाला? खपली नाही बिचारी, पण डोकं चांगलं होतं.

मग गेलं काय? ते सांगायला दुसऱ्या मोटारीकडे यायला हवं.

माझा पुतण्या घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतो. त्याने सेकंड हँड का होईना, परदेशी बनावटीची कापडी छपराची गाडी घेतली. बटण दाबलं की छप्पर स्वतःच घडी होऊन मागे जाऊन बसतं. ठाण्यात ते उघडायचं कधी, हा माझा प्रश्न. पावसाळ्यात पाऊस, उन्हाळ्यात ऊन आणि बाकी आठवडे मेट्रोच्या कामाची धूळ. पण हौस ती हौस.

पहिल्या पावसात गाडी वेडीवाकडी वागू लागली. काचा आपोआप खाली, डिकीचं लॉक उघडेना, डॅशबोर्डवर दिवाळी. वर्कशॉपमध्ये नेली. तिथे गाडीला लॅपटॉप जोडला, छापील अहवाल निघाला आणि डिकीच्या एका कोपऱ्यात बसवलेला इलेक्ट्रॉनिक डबा बिघडल्याचं निदान झालं. डबा बदलला. बिलाचा आकडा सांगत नाही, त्यात त्या काळी खोपटला खोली आली असती. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पुन्हा अहवाल, पुन्हा तोच डबा. तोवर कुणी तळाची चटई उचललेली नव्हती. मी पुतण्याला म्हटलं, ‘अरे, हात घालून बघ तरी.’ चटईखाली फोमचा जाड थर, तो पिळला तर पाणी. आणि त्या पाण्याच्या बरोबर वर सगळी वायरिंग. गंज नव्हता, पत्रा शाबूत होता. बुडाली होती ती अक्कल, गाडीची.

विम्याचंही बघितलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीपर्यंत गाड्या बुडाल्या आणि पुराचा विमा म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. पण पूर वेगळा आणि गळती वेगळी. थेंबाथेंबाने झालेलं नुकसान हे झिजेत जमा होतं आणि झीज विम्यात बसत नाही.

शेवटी वागळे इस्टेटमध्ये एका मुलाकडे गाडी नेली. वय तिशीच्या आत, भाड्याचा गाळा, हातात मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा. त्याने पहिल्यांदा विचारलं, ‘काका, गाडी कुठे लावता? झाडाखाली?’ लावत होतोच. पुतण्या आमच्याकडे आला की गाडी रेन ट्रीखाली. मग त्याने छप्पर अर्धं उघडून ठेवलं आणि घडीच्या पन्हाळीत बोट फिरवलं. अशा गाड्यांत छपरावरून येणारं पाणी पूर्ण अडवायचा प्रयत्नच केलेला नसतो. ते एका पन्हाळीत घ्यायचं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून चाकांजवळ खाली सोडायचं, अशी योजना असते. गुलमोहराची आणि रेन ट्रीची बारीक पानं त्या नळीच्या तोंडाशी बसली, त्यावर धुळीचा गाळ बसला, की पन्हाळ भरते आणि पाणी उलटं डिकीत. कॅमेरा नळीत घातला तेव्हा मोबाईलवर पानांचा काळा बोळा स्पष्ट दिसला.

त्याने हवेचा पाईप लावला नाही. जोराची हवा मारली तर नळी आत कुठेतरी सांध्यातून निसटते आणि मग अख्खं अस्तर सोलावं लागतं. गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची जाड दोरी हळूहळू सरकवून त्याने बोळा मोकळा केला. त्यानंतर मागच्या दिव्यांचे गॅस्केट पाहिले, बंपरमागे हवा बाहेर जाण्यासाठी झडपा असतात त्यांचा फोम पाहिला. एका सांध्यावर त्याला शंका होती. तिथे त्याने टाल्कम पावडर फवारली, नळी न लावता बाटलीने खालून वर पाणी सोडत गेला आणि पुतण्याच्या आठ वर्षांच्या मुलीला म्हणाला, ‘आत वाकून बघ गं, कुठे ओलं होतंय?’

मी शेजारीच उभा होतो. चाचांचं नाव या मुलाने ऐकलेलंही नसणार. त्याला हे कुणी शिकवलं विचारल्यावर म्हणाला, कुणी नाही, थोडे व्हिडिओ पाहिले, बाकी पाणी कुठून येतं ते पाण्यालाच विचारायचं. पाण्याला विचारणारा माणूस अजून शिल्लक आहे. फरक एवढा की पूर्वी तो गल्लीच्या तोंडाशी होता आणि आता बऱ्याच दिवसांच्या चौकशीनंतर सापडतो. मोठ्या वर्कशॉपमध्ये त्याला जागा नाही, कारण तिथे तासाचा हिशेब असतो आणि गळतीच्या शोधात तास जातात. डबा बदलायला वीस मिनिटं पुरतात.

खोपटच्या त्या शेड आता नाहीत. एकेका प्लॉटवर इमारती उठल्या, गॅरेजं माजिवड्याच्या पलीकडे सरकली. ठोकाठोकीची आता सोसायटीला तक्रार जाते, आणि खरं सांगायचं तर ती योग्यच आहे; कार्बाईडच्या वासाने दम्याच्या पेशंटांची काय गत होत असेल याचा तेव्हा कुणी विचार केला नव्हता. चाचांच्या शेडच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. सिद्धेश्वर तलाव आहे, डेपोही आहे.

मॉरिसचं काय झालं, हे विचाराल. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या मुलाने ती पुण्याच्या एका हौशी माणसाला दिली. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणि नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. वयाने ती त्यात केव्हाच बसते. अशा गाडीत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. चाचांनी ठोकलेलं ते वीस गेजचं ठिगळ फेरफारात मोडतं की दुरुस्तीत, हे आरटीओवाल्यांनी ठरवावं. माझ्या मते दुरुस्तीत.

गाडी कसलीही असो, उघडी किंवा बंद, नवी किंवा जुनी, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी एवढं करा. डिकी पूर्ण रिकामी करा, चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खाली हात घाला. ओल लागली तर लगेच रबर बदलू नका आणि कुणाला भोकही पाडू देऊ नका. पत्रा वाळवा, सांध्यांवर पावडर टाका, गाडी रोज लावता तशी लावा आणि खालून वर तांब्या-तांब्याने पाणी ओता. आतून बघायला घरातलं लहान मूल घ्या, पण झाकणाच्या कुलपाला सुतळी बांधायला विसरू नका. रबराला ग्रीस किंवा तेल फासू नका, त्याने आजकालचं रबर फुगतं. सिलिकॉनची बाटली मिळते, ती वापरा. हुडाची किंवा सनरूफची गाडी असेल तर पाणी जायच्या नळ्यांची तोंडं साफ करा. आणि गाडी रेन ट्रीखाली लावत असाल, तर हे पावसाळ्यात दर पंधरवड्याला करावं लागेल.